उन्हाळी भत्ता

कॉलेजने विमानाचं तिकीट काढून दिलं
माझ्याच घरी यायला.
अर्जात मी लिहिलं होतं: मनामा, बहरीन,
वंचित समूहांसोबत दहा आठवडे.
हे नव्हतं लिहिलं
की गुदैबियात तिसऱ्या मजल्यावर
आई अजून माझी खोली झाडते,
की शाळेच्या बसच्या गार काचेतून
बारा वर्षं मी त्यांना पाहिलेलं:
निळे डगले, डोक्याला गुंडाळलेले पंचे,
शेजारच्या बसच्या उघड्या खिडकीत
झोपेने कलंडलेली एक मान,
आणि सिग्नल सुटायच्या आत
गृहपाठाची वही पुन्हा उघडलेली.

सलमाबादच्या कॅम्पात पंखे फिरतात,
हवा फिरत नाही.
बारा ते चार उन्हात काम बंद, सरकारी नियम,
म्हणून बारा ते चार आमचं केंद्र चालू:
गॅरेजमागची खोली, प्लास्टिकच्या सात खुर्च्या,
आणि लोर्नाने थोपटल्याशिवाय
न हलणारा प्रिंटर.
लोर्ना तेवीस वर्षं इथे. आधी लोकांच्या घरची भांडी,
आता कामगार कायदा, कलमांसकट तोंडपाठ.
पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
"रडायचं तर बाहेर. कागद ओले होतात."

माझ्या फॉर्मला चौदा रकाने.
पासपोर्ट कुणाकडे. एका खोलीत किती जण.
शेवटचा पगार कधी.

तिसऱ्या आठवड्यात नूरुद्दीन तिसेकर आले,
दापोलीपलीकडच्या खाडीचे, सळया बांधणारे.
नखांत गंज इतका मुरलेला
की कुणी मेंदी म्हणावं.
मी मराठीत नाव विचारलं
तशी खुर्ची पुढे ओढली:
"आमच्यातलीच निघालीस की गो बाय!"

तक्रार?
"रजेचा पगार. दोन वर्षं झाली.
मागितला की सायब म्हणतो, उद्या.
हा उद्या माझ्याआधीपासून कंपनीत आहे."

मी लिहीत होते.
"नि तुला कोण देतं?"
कॉलेज.
"शिकवतं तेच?"
हो. सुट्टीत असं काम केलं तर देतात.
"म्हणजे सुट्टीचा पगार."

पेन थांबलं.

"किती?"
मी आकडा अर्धा करून सांगितला.
तरी तो खोलीत मावेना,
आठव्या खुर्चीसारखा
येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात.

ते रागावले नाहीत.
अंगठा पेरांवरून फिरला, एकदा, परत एकदा.
मग म्हणाले, "बरंय.
कुणालातरी मिळतो म्हणजे
असतो तर खरा असा पगार.
हेच लिही त्यांना."

हे लिहायला कुठलंच कलम नव्हतं.
लोर्नाने वाक्य बदललं, अरबीत टाईप केलं,
प्रिंटरला दोन थापा.
जाताना त्यांनी फक्त गावाचं नाव
माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं.
मी वेलांटी चुकवली होती.

त्या रात्री जेवताना बाबांचा फोन वाजला.
बाबा हिशेब बघतात, एका बांधकाम कंपनीचे.
कंपनी दुसरी आहे, मी खात्री करून घेतली.
ताटातला भात चिवडत ते म्हणाले,
"अरे, त्यांना सांग, उद्या बघू. उद्या."
आईने वरण वाढलं.
त्या गार काचेचं भाडं कुठून येत होतं
हा पंधरावा रकाना
मी कुणालाच विचारला नाही.

सुनावणी ऑक्टोबरात लागली.
तेव्हा माझी सहामाही.
भत्त्याचा शेवटचा हप्ता मात्र
एक तारखेला, सकाळी नऊच्या आत,
न मागता जमा.

कॉलेजची मेल आली आहे:
अहवाल अजून पोहोचला नाही,
काय शिकलात, पाचशे शब्दांत.
मी उत्तर टाईप केलं,
उद्या पाठवते,
आणि बोट कितीतरी वेळ
तसंच धरून ठेवलं.