पोटहिस्सा मोजणी

माडग्याळच्या माळावर, ऐन चैत्रात,
रोव्हरनं बिंदू दाखवला तिथं चुना टाकला
आणि पहार उचलली,
तर सिद्रायाची आई मागून म्हणाली,
थांब साहेब. पाय बघ.

पायाशी मुरूम होता, गारगोट्या,
मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्या.
बघत राहिलो. काहीच दिसेना.
मग त्यातले दोन खडे
जरा जास्तच खड्यांसारखे वाटले.

टिटवीची असतील, मलाप्पा म्हणाला.
म्हातारी हसली. टिटवी असती तर एव्हाना
तुझ्या टोपीवर दहादा आली असती,
गावभर बोंब केली असती.
आणि तिची चार असतात, भोवऱ्यागत,
आरी आत करून मांडलेली.
ही दोन. ही गोल.

लावा? लावा गवतात घालते, झाकून.
इथं गवत कुठंय?
रातव्याच्या अंड्यांना गुलाबी झाक.
मला येत होतं ते सगळं संपलं.
घोरपडीची, म्हणालो तेव्हा
दोघे भाऊ सहा वर्षांत पहिल्यांदा
एकाच गोष्टीला हसले.

निंगव्वा खाली बसली. हात लावला नाही,
नुसती पदराची सावली धरली त्यांच्यावर.
रंग वाळल्या मातीचा, वर काळे फराटे,
टाक झटकल्यावर शाई उडावी तसे.
आमच्या कचेरीतल्या जुन्या नकाशांवर
असे डाग असतात,
त्यांना आम्ही विहीर समजतो.

ती बघ आई, ती म्हणाली,
बोट नाही, हनुवटीनं.
बांधापलीकडं एक पाखरू
चार पावलं पळालं, थांबलं, वाकलं,
पुन्हा पळालं.
ओरडलं नाही.
आमच्याकडं बघत नव्हतं, पण इतकं नेटानं
की तेवढ्यावरून कळावं.

पुस्तकात धाविक म्हणतात. निंगव्वा म्हणाली, पळती.
पळतीला घर कसलं,
जिथं थांबली तिथं.
हे कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

गट नंबर तीनशे बारा, उत्तरेचा कोपरा.
दगड जिथं बसायचा, बरोबर तिथं ती दोन.
सिद्राया म्हणाला, वीतभर सरकवा, मलाप्पाकडं.
मलाप्पा म्हणाला, माझ्याकडंच का,
आणि मग तासभर तेच.
ऊन चढलं. निंगव्वा म्हणाली, उठा सगळे,
तुमच्यामुळं ती बसंना.
मी कागदावर लिहिलं, हद्दखूण बाकी.

तीन आठवड्यांनी गेलो.
रोव्हर त्याच जागी टिंग वाजला.
चुन्याची रेघ फिकी झालेली.
अंडी नव्हती, टरफलाची कपचीसुद्धा नाही.
उबली असतील, किंवा मुंगूस.
म्हातारीला विचारलं, काय वाटतं?
ती माळाकडं बघत म्हणाली,
तुझ्या यंत्राला विचार की.

दगड बसला. दोघांनी सह्या केल्या.

आता कुठल्याही शेतात, कुठल्याही तालुक्यात,
पहार उचलायच्या आधी
मी खाली वाकतो.
लोकांना वाटतं, साहेब माती तपासतोय.