तीन नंबरचा कॅमेरा

सावद्याला, केळीच्या बागेत भरदुपारी
सासू-सुनेच्या भांडणाचं शूटिंग.
तीन कॅमेरे, तिघांची घड्याळं वेगळी;
म्हणून आधी एक टाळी.

ऊन पानांतून हिरवं होऊन उतरलं,
सून कावीळ झाल्यासारखी दिसू लागली.
सुपडूभाऊ थर्माकोल धरून उभे:
"उजेड कुठे देऊ, भो?"
गालावर, म्हटलं. हलू नका.

रात्री टाळीला टाळी जुळवताना
तीन नंबरच्या कडेला सापडली
चार बोटं,
घड कापून कापून चिकानं काळी पडलेली.

फ्रेम जरा आत घेतली की जातात.
घेतली.
सुनेचा अर्धा कानही गेला,
झुमक्यासकट.

परत बाहेर आणली.

भांडण रंगात आलंय, सासू ओरडतेय,
आणि बोटं
जराही हलत नाहीत.