गुडघे

इलोमान्त्सीच्या चर्चमागं लाकडी हॉल आहे,
तिथं मंगळवारी आम्ही सहा जणी जमतो.
बाहेर उणे एकोणीस. दारात बुटांची रांग
आणि तिच्याखाली वितळलेल्या बर्फाचं तळं.

इरिन्या माझ्या शेजारी. चौऱ्याहत्तरची.
तिच्या चटईला अजून टायरचा वास येतो.
पहिल्या दिवशी तिनं फादर राउनोंना गाठलं,
"यात पाप तर नाही ना?"
"पाठ दुखते?"
"दुखते."
"मग आधी वाक. पापाचं नंतर बघू."

श्वास आत: प्रभू येशू.
श्वास बाहेर: दया कर.
हे योगातलं नव्हे. मठातल्या लोकरी जपमाळेवर
एकेका गाठीला ती हेच म्हणत आली आहे.

नवरा गेल्यापासून उपवासाच्या दिवसांतही
तिला जमिनीवर डोकं ठेवता आलं नव्हतं.
गुडघे हटून बसले होते.
"रुसलेत," म्हणायची.
कुणावर, ते सांगायची नाही.

आज बालासनात
तिचं कपाळ टेकलं. रबरावर. नकळत.
"आता सावकाश वर या," बाई म्हणाल्या.
पाच जणी वर आलो.

बुटांखालचं तळं पसरत
पहिल्या चटईपर्यंत आलं.
पुसायला कुणी उठलं नाही.