भावे प्रयोग

चपला ठेवायच्या कापडी पिशव्या आहेत त्या,
कोपरखैरण्याला सेक्टर पंधराच्या बाजारात मिळतात,
एकशे ऐंशीला दोन, चोवीस-चोवीस कप्प्यांच्या.
फळ्याशेजारी खिळ्यांना टांगल्या,
कप्प्यांवर मार्करनं हजेरी क्रमांक घातले
आणि मुख्याध्यापकांची सूचना मोठ्यानं वाचली:
पहिल्या तासाआधी फोन कप्प्यात, सुटताना परत.

नववी क. सत्तेचाळीस मुलं.
फोन रोज चाळीस.
उरलेली सात
"दादा नेतो", "आईकडे असतो", "चार्जरच गेलाय"
अशी वाक्यं जमा करून जागेवर बसतात.

पहिला आठवडाभर भिंत थरथरत होती.
मी संधी सोडवत असायचे आणि एखादा कप्पा
बाटलीत कोंडलेल्या भुंग्यासारखा घुमायचा.
सगळ्या माना तिकडे.
"बाई, मढवीचा."
"त्याच्या आईचा असेल, बाई."
रबाळ्याच्या कंपनीत ती गोळ्यांची पाकिटं भरते,
अकरा वाजता तिला पाच मिनिटं मिळतात.
ती माझ्या भिंतीवर वाजून संपली.
मी नियमाकडे बोट दाखवलं.
नियम माझा नाही, हे सांगायचा मोह आवरला.

माझा फोन खणात असायचा.
खणाला पत्रा, त्यामुळे आवाज जास्तच.
शेवटच्या बाकावरून भूमिजा नुसती भुवई उचलायची.
मंगळवारपासून अठ्ठेचाळिसावा कप्पा माझा.

तेवीस, सपकाळ प्रज्योत.
सगळ्यांत आधी येऊन ठेवायचा.
निळं कव्हर, कडेला सोललेलं.
तो कधीच वाजला नाही.
एवढी शिस्त दिसली की मला संशय येतो,
एकोणीस वर्षांच्या नोकरीत तेवढंच नीट शिकले आहे.
गुरुवारी मधल्या सुट्टीत कव्हर उघडलं.
आत फरशीचा तुकडा.
कोपरे घासून गोल केलेले,
आणि मागे, कॅमेऱ्याच्या जागी,
पेनानं काढलेले तीन डोळे.

खोटा इथे, म्हणजे खरा दप्तरात.
सरळ गणित. मी ते सगळ्यांसमोर सोडवलं.
कंपास, डबा, अर्धी काकडी, बसचा पास,
तळाशी शेंगांची टरफलं.
खिसे दाखव म्हटलं.
त्यानं ते बाहेर ओढले,
पांढरे, दोन्ही बाजूंना लोंबणारे.
वर्ग हसायच्या तयारीत होता. मग नाही हसला.
"फोन कुठंय?"
"नाहीये, बाई."
"मग हे कशाला?"
तो पिशवीकडे बघत राहिला.
"रिकामा दिसतो," म्हणाला, "कप्पा."

पुढचा तास माझाच होता. प्रयोग.
मुलगी फोन ठेवते: कर्तरी. क्रियापद मुलीच्या मागे जातं.
मुलाने फोन ठेवला: कर्मणी. आता ते फोनच्या मागे.
भावेला पुस्तकात सैनिक होता, शत्रू होता,
सोयीचं उदाहरण. खडूनं दुसरंच लिहिलं:
बाईंनी मुलाला तपासले.
"क्रियापद कोणाप्रमाणे बदललं?"
मढवी उठला. "कोणाच्याच नाही.
दहा बाई असल्या तरी तपासले,
मुलगी असली तरी तपासलेच."
बरोबर, म्हटलं. बस.
तेविसाच्या बाकाकडे न बघता
मी फळा पुसला, एकदा ओला, एकदा कोरडा.

शुक्रवारी कप्पा रिकामा होता.
खरंच दिसतो. लांबूनसुद्धा दिसतो.

सोमवारी निळं कव्हर परत आलं.
मी हात लावला नाही.
वहीत लिहिलं: तेवीस, जमा.
सुटताना एकेक क्रमांक पुकारला,
सव्वीसला, चौतीसला जसा, तसाच तेविसाला.
तो आला, घेतला, वर न बघता खिशात टाकला.
चड्डी त्या बाजूनं जराशी खाली ओढली गेली.
दाराशी मढवी त्याच्यासाठी थांबला होता.
"किती जीबी?" त्यानं विचारलं.
काय उत्तर मिळालं, ते मला ऐकू आलं नाही.