दार लागलंय, हे कळायला

स्टुलावर गेघाम बसलाय, पाठ ताठ,
गळ्यात निळा टाय. दुकानाचाच.
या गावातून बाहेर गेलेल्या निम्म्या माणसांच्या पासपोर्टात
हाच टाय गेलाय.

आरुस्याक बटण दाबते.
पुन्हा दाबते, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत.
हूं नाही की चूं नाही.
सकाळी तर चांगला चालू होता, ती म्हणते,
जसं मेलेल्याबद्दल म्हणतात:
रात्री नीट जेवला हो.

ग्युम्रीतला फेब्रुवारी. थंडीनं बॅटऱ्या गळाठतात हे तिला पाठ.
बॅटरी काढून ती काखेत धरते, स्वेटरच्या आत,
आणि एका हातानं कॉफी उकळते, दुसरा हात
पंख मोडलेल्या कोंबडीसारखा अंगाशी.
"हलू का?" गेघाम विचारतो.
"नका हलू."
का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऊब आली तरी नाही.
चार्जरवरची दुसरी, हिरव्या दिव्याची, तरी नाही.
भाचीच्या कंपासमधल्या खोडरबरानं पितळी टोकं घासली.
कार्ड काढून पाहिलं. लेन्स उतरवून पाहिली:
आत आरसा, आरशात धुरकट
तिचीच भुवई.

वडिलांच्या कॅमेऱ्यांना बॅटरी नव्हतीच.
ते कानाशी धरून शटर ओढायचे
आणि सांगायचे, स्प्रिंग दमलीय, किंवा वाळूचा कण आहे.
याच्या कानाशी कान लावून काय ऐकायचं?

"फोननं काढ की."
"फोनवरचा ऑफिसात परत करतात."
"बरं," गेघाम म्हणतो. मग थोड्या वेळानं,
"मुलगा म्हणतो, क्रास्नोदारला बर्फ असा साठत नाही.
टाइल्स बसवतो तो. मला म्हणतो, तुम्ही नुसते बसा."
मग, "आज नाही जमलं
तर मी उद्या येईन. परवाही येईन. मला घाई नाही."
आणि हे म्हणताना त्याचा चेहरा असा सैलावतो
की नेमका तेव्हाच फोटो काढायला हवा होता.

ती खिडकीपाशी जाते. भिंग लावते. झाकण उलटं धरते.

बॅटरीच्या झाकणाला आतून एक बोंड असतं
तांदळाच्या कणीएवढं, प्लास्टिकचं.
दार लागलं की ते एका खाचेत शिरतं
आणि आतल्याला कळतं: दार लागलं, आता जागं व्हायला हरकत नाही.
ते तुटलंय.
म्हणजे खटका वाजतोय, बाहेरून बघणाऱ्याला दार बंद,
आणि हा, पोटभर जेवलेला, डोळा धड असलेला,
दाराकडे तोंड करून बसलाय
अजून कोणी यायचंय म्हणून.

एवढंच होतं तर.
तिला हसू येतं, रागही येतो.
ती काडेपेटीतली काडी घेते, गुल मोडून टाकते,
ब्लेडनं तासते, खाचेत सरकवते, थोडी जास्त,
परत तासते. वरून पट्टी चिकटवते.

बटण.
पडदा उजळतो.
आणि पहिलाच प्रश्न: तारीख?
त्याच्या मते आज १ जानेवारी २००८, रात्रीचे बारा.

"त्या साली आम्ही घरावर छत घातलं," गेघाम म्हणतो.
तो स्टुलावरून उठून तिच्या खांद्याशी आलाय,
हलू नका म्हटलेलं विसरून.

वर्ष पुढे न्यायला बाणाचं बटण, एका दाबाला एक.
२००९. २०१०. २०११.
"थांब," तो म्हणतो.
ती अंगठा उचलते. विचारत नाही.
स्टोव्हवर कॉफी उतू जाते, जळकट वास सुटतो,
कोणी हलत नाही.
"हं," तो म्हणतो. "चल पुढे."

मग हनुवटी जरा खाली. कान दिसू देत.
हसायचं नाही, असा नियम आहे.
तो हसत नव्हताच.

सहा प्रती, कात्रीनं सरळ.
पैसे मोजून झाल्यावर तो टाय डोक्यावरून काढतो,
गाठ न सोडता,
आणि खिळ्याला लावून ठेवतो.