कारणाचा रकाना

तुर्भ्याला बाहेर एकोणचाळीस,
आत उणे अठरा.
मधे प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा,
त्यातून दिवसाला चाळीसदा माझी ये-जा,
ऐन मे महिन्यात कानटोपी घालून.
रिक्षावाले हसतात. हसू देत.

कंटेनर न्हावा-शेव्याहून काल रात्री आला.
हरेश भोपीने सील तोडलं,
दार उघडलं तशी गार वाफ आमच्या बुटांवर सांडली.
वाटाणा. दहा किलोची पिशवी. चोवीस टन.
ज्या देशातून आला तिथे तिसऱ्या वर्षी युद्ध चालू आहे.
कागदावर तसं काही नाही.
कागदावर बंदराचं नाव आहे, तेही शेजाऱ्याच्या.

वाटाणा तपासायची रीत साधी:
पिशवी उचलायची, कानाशी न्यायची, हलवायची.
खुळखुळला तर पास.
नाही खुळखुळला तर समजायचं,
वाटेत कुठेतरी वितळला
आणि पुन्हा गोठला, एकमेकांना घट्ट धरून.

सहाव्या पॅलेटपासून खुळखुळणं थांबलं.

तापमान टिपणारं यंत्र, काड्यापेटीएवढं,
संगणकाला जोडलं. रेघ उमटली.
समुद्रावरचे एकवीस दिवस शहाण्यासारखे, सरळ.
त्याआधी, कारखान्याच्या आवारात उभा असतानाच्या
चार रात्री मात्र
दोनच्या सुमारास रेघ उठते,
उणे पंधरा, उणे नऊ, एकदा तर उणे तीन,
आणि उजाडता उजाडता मुकाट खाली येते.
इरा तान्ही होती तेव्हा
अशीच एक वही माझ्या उशाशी असायची.

शुक्रवारी आमचीही वीज जाते.
आठ सेकंदांत जनरेटर धडधडतो.
आठ सेकंदांत काही बिघडत नाही,
वाटाण्याचंसुद्धा.

फॉर्मात रकाना आहे: तापमानात तफावत, कारण लिहा.
दार उघडं राहिलं. कॉम्प्रेसर. वीज. इतर.
मी मेल टाकला. आठवडा लागेल वाटलं होतं,
उत्तर तेवीस मिनिटांत आलं:
‘भोंगा झाला की आम्हाला तळघरात जावं लागतं.
जनरेटरचं डिझेल तीन रात्री प्रसूतिगृहाला दिलं.
चौथ्या रात्री भोंगा लांबला.
गैरसोयीबद्दल क्षमस्व.
किती सूट हवी ते कळवावे.
दारिना, निर्यात विभाग.’

गैरसोय.

शेठ म्हणाले, तीस टक्के क्लेम लाव.
शेठ वाईट नाहीत.
म्हणाले, तिकडे युद्ध आहे म्हणून
इकडे बँक हप्ता सोडते का?
मी अठरा लिहिलं.
अठराच का, असं कुणी विचारलं तर सांगेन,
हाताला सवय आहे.
कारणापुढे आधी ‘वीज’ लिहिलं, मग खोडलं.
खाडाखोड चालत नाही, म्हणून फॉर्म नवा घेतला.
त्यातही बराच वेळ काही लिहिलं नाही.

गठ्ठा झालेला माल वाशीच्या एका केटररने उचलला,
लग्नातल्या पुलावाला खपतो.
एक फाटकी पिशवी मी घणसोलीला घरी नेली.
ओट्यावर आपटली, फुटेना.
वरवंटा घेतला.
खालच्या मजल्यावरून टेमकर काकू ओरडल्या,
अगं काय चाललंय?
वाटाणे, म्हटलं.
चौथ्या घावाला ढेकूळ फुटलं,
दाणे फ्रिजखाली, गॅसमागे, दारापर्यंत.
पिशवीवर तारीख होती, चौदा जून.
त्या दिवशी तिथे ऊन होतं की ढग, कोण जाणे.
एक दाणा तोंडात टाकला.
गोड. आपल्या सासवडच्यापेक्षाही.
याचा थोडा रागच आला.

आज पुढच्या हंगामाचा दर आला.
चाळीस टनांऐवजी सव्वीस.
खाली एक ओळ: ‘उत्तरेकडचं शेत यंदा पेरलं नाही,
तिथलं अजून काढायचं आहे.’
काय काढायचं ते लिहिलं नव्हतं.
मी ‘मिळालं’ एवढंच कळवलं,
कानटोपी ओढली नि पडद्यातून आत गेले.
नव्या मालापाशी हरेश
डोळे मिटून उभा होता,
पिशवी कानाशी धरून.