एका किल्लीला एकच

सारेमा बेटाचं दक्षिण टोक इतकं निमुळतं
की दोन्ही बाजूंच्या लाटा एकाच खिडकीतून दिसतात.
तिथल्या पक्षिकेंद्रात हेल्दूरनं सत्त्याण्णव साली
पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला.
पक्ष्याच्या पायातल्या वाळ्याचा क्रमांक, ती किल्ली.
कुठे सापडला, कधी, किती ग्रॅमचा,
ते सगळं तिच्यामागे, एका ओळीत.

सुरुवातीला हे नुसतं मेमरीत राहायचं.
प्रोग्राम चालू, तोवर हॅश जिवंत.
ऑक्टोबरातल्या एका रात्री तार तुटली, दिवे गेले,
आणि दिवसभर जाळ्यातून अलगद सोडवलेले
चारशे बारा रॉबिन
दुसऱ्यांदा उडून गेले.

उर्वे सांगते, तो ओरडला नाही.
मेणबत्तीशी बसून काळा पाव कापला,
वर खारवलेला मासा ठेवला, खाल्ला,
आणि सकाळी वीज आल्यावर
एकच ओळ वाढवली:
हॅशची गाठ फाइलशी मारली.

बाकीच्या ओळींना पत्ताही लागला नाही.
त्या आपल्या ठेवत होत्या, मागत होत्या, पूर्वीसारख्याच,
फक्त आता ठेवलेलं डिस्कवर उतरत होतं
आणि उद्या उठल्यावर तिथेच होतं.
दोघांनी एका वेळी लिहिलं तर फाइल नासते,
म्हणून कुलूपही होतं:
पडद्यावर टांगलेला लाल लोकरी हातमोजा.
तो दिसला की थांबायचं.

मी आले तेव्हा त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते.
हातमोजा खिळ्यावर होता, अंगठ्याला कसर लागलेली.
नव्या यंत्रानं फाइलकडे पाहिलं
आणि ओळखच दाखवली नाही;
आकडे ते उलट्या टोकाकडून वाचतं.
शेवटी जुन्यालाच चुचकारलं,
धापा टाकत त्यानं एकेक जोडी
साध्या मजकुरात ओकली.

क्रम नाही. कसलाच नाही.
पहिल्या वर्षाच्या रॉबिनमागे परवाचं बदक,
त्याच्यामागे कुणीतरी चुकून टाकलेलं शून्य.
आणि एका किल्लीला एकच.
पक्षी पुन्हा सापडला की नवं आत, जुनं बाहेर.
चार शून्य आठ एक सात, वजन साडेपाच ग्रॅम,
शेवटचा दिसला पोर्तुगालच्या एका मिठागरात.
त्याआधी?
फाइल शपथेवर सांगेल की तो तिथेच जन्मला.
त्याआधीचं उर्वेच्या वह्यांत आहे,
ओल लागून पानं एकमेकांना चिकटलेल्या वह्यांत.

बेचाळीस हजार किल्ल्यांत एक आकडा नव्हती.
व्होती, असं लिहिलं होतं.
एस्टोनियन भाषेत म्हणजे किल्लीच.
तिच्यामागे: पंपघरात, निळ्या डब्याखाली.
उर्वे, आता पुन्हा विचारू नकोस.

मी वाचून दाखवलं.
उर्वे म्हणाली, मी एकदाच विचारलं होतं.
मग म्हणाली, दोनदा.
मग कोट न घालताच गेली.

डबा तिथेच होता. खाली किल्ली होती, गंजून
लाकडाला तिचाच आकार चिकटवून बसलेली.
ती ज्या दाराची, ती टोकावरची खोपटी
एका जानेवारीत समुद्रानं नेली,
दारासकट, बिजागऱ्यांसकट.
उर्वेनं किल्ली पँटला पुसली, खिशात टाकली.
बदल म्हणाली नोंद. लिही, उर्वेच्या खिशात.
चुकीचं कशाला राहू द्यायचं.

माझी बोटं कळफलकावर.
हे लिहिलं की ते जाणार,
डबा, पंपघर, आणि ते पुन्हा विचारू नकोस.
मागे ती दारात बूट काढत होती,
एक निघाला, दुसरा अडकला होता.
लिहिलंस?
हो, म्हणाले,
आणि काहीही न बदलता फाइल बंद केली.

फाइलच्या मते किल्ली अजून
निळ्या डब्याखाली आहे.